कॅमेऱ्याकडे पाठ करून घातलेली फुगडी

सकाळचा चहा हातात धरून दुसरीचं स्टेटस बघणाऱ्या, आणि चहा संपायच्या आत स्वतःच्याच घराला नावं ठेवायला लागणाऱ्या माझ्या तमाम मैत्रिणींनो... हे तुमच्यासाठी आहे. आपल्याला कुणी मारलेलं नाही, कुणी लुटलेलं नाही. तरी रोज कुणाकडून तरी हरून आपण स्वयंपाकाला लागतो. याचा मला संताप येतो... आणि यंदा श्रावणात सगळ्यात जास्त संताप माझा मलाच आला.

आम्ही मनवेलपाड्यात राहतो. बिल्डिंगमधल्या अकरा जणी दर श्रावणात मंगळागौरीचे खेळ खेळतो, तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये, बाइक बाजूला सारून. खेळ शिकवतात सुलभाकाकू. वय चौसष्ट, माहेर गुहागरकडचं, गाणी सगळी तोंडपाठ. फुगडी घालता घालता समोरचीला जागच्या जागी टोमणा जुळवायचा आणि तिने तो परतवायचा... यात त्यांचा हात धरणारी कुणी नाही.

यंदा रस्त्यापलीकडच्या टॉवरमधल्या ग्रुपचं रील आलं. एकसारख्या नऊवारी, एकसारख्या नथी, सगळ्यांचे पाय एकदम उचललेले. खाली लाइकचा पाऊस. मी ते दिवसातून किती वेळा बघितलं ते विचारू नका... दोनदा भाजी करपली.

वाचनालयांत, महिला मंडळांत टेबल आपटून "स्वतःची किंमत ओळखा" सांगणारी मी! घरात पुस्तकांची दोन कपाटं भरलेली. त्या दिवसांत एकाही पुस्तकाने हात दिला नाही.

मग मीच फर्मान काढलं... आपलंही रील पाहिजे. झिम्मा गोलात खेळला तर अर्ध्या जणींच्या पाठीच दिसतात, म्हणून रिंगण मोडलं आणि सगळ्यांना कॅमेऱ्याकडे तोंड करून रांगेत उभं केलं. गाणी स्पीकरवर लावली. काकूंचा पाय बाकीच्यांबरोबर उचलला जात नव्हता. मी म्हटलं, "काकू, तुम्ही जरा खांबामागे थांबा ना... फ्रेम बिघडतेय."

काकूंनी खोचलेला पदर सोडला, "गुडघा दुखतोय गं" म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

रील झालं. रांगेत झिम्म्याची टाळी द्यायची कुणाला, त्यामुळे सगळ्यांचे हात हवेत. एक्केचाळीस लाइक आले, त्यातले दहा आमचेच. मी ते परत परत बघितलं तेव्हा कळलं... त्यात कुणीही हसत नव्हतं.

काकू पुढच्या दोन तालमींना आल्या नाहीत. त्यांची सून जिन्यात भेटली. "आई म्हणतायत, माझं खेळायचं वय संपलं. खेळात नाचवायचं सूपही माळ्यावर टाकायला सांगितलंय."

ते वाक्य दगडासारखं सरळ छातीत लागलं. टॉवरवाल्यांनी आमचं काहीही हिरावून घेतलं नव्हतं. घेतलं होतं ते मी... आणि तेही एका म्हाताऱ्या बाईकडून.

तशीच वर गेले. काकू वाल सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, चुकलं माझं."

"मी काय कुंडी आहे का गं, फ्रेमच्या बाहेर सरकवायला?"

बोलण्यावर नाव कमावलेली मी... गुपचूप शेजारी बसून वाल सोलायला लागले. वाटी अर्धी भरली तेव्हा काकू म्हणाल्या, "येईन. पण फोन सगळे माझ्या सुपात. आणि सूप वॉचमनच्या टेबलावर."

मंगळवारी संध्याकाळी सूप माळ्यावरून उतरलं. फोन त्यात पडले. स्पीकर बंद, रिंगण पुन्हा गोल... आणि पहिल्याच टाळीला हाताला हात लागला. काय आवाज घुमला म्हणून सांगू पार्किंगमध्ये!

काकूंनी पदर खोचला आणि बोट थेट माझ्याकडे. फुगडीने वेग घेतला तशी त्यांनी जोडलीच...

"सुपात टाकला फोन बाई, आता बघ माझ्याकडं,
लाइक मोजून मोजून झालं तोंड तुझं वाकडं!"

सगळ्या हसून फुटल्या. मला काही परतवता येईना, डोकं गरगरलं आणि मी फतकल मारून खाली बसले. "भाषणवाली पडली गं!" म्हणून एकच गिल्ला. आणि काकू? उभ्या! गुडघा त्यांचा दुखत होता म्हणे!

आवाज ऐकून फाटकाशी एक बाई थांबली होती. मी ओळखलं... टॉवरवाल्यांच्या रीलमध्ये मधोमध होती तीच. जवळ येऊन हळूच म्हणाली, "आमच्या त्या रीलला चौदा टेक लागले हो. त्यावरून भांडलेल्या दोघी अजून बोलत नाहीत." मग काकूंकडे बघून, "माझ्याबरोबर घालाल एक फुगडी?"

काकू म्हणाल्या, "आधी फोन सुपात."

तिने टाकला!

या पोस्टला फोटो नाही. त्या संध्याकाळचा एक सेकंदही कुठे रेकॉर्ड झालेला नाही, आणि इतकी जिंकल्यासारखी मी कुठल्याही व्यासपीठावरून उतरले नाही. काकू, तुमचे उपकार.

आता मैत्रिणींनो, ऐका. येत्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता घरातलं सूप काढा. सूप नसेल तर परात काढा. घरातल्या सगळ्यांचे फोन त्यात टाका, अर्ध्या तासासाठी दाराबाहेर ठेवा... आणि आत येऊन गोल करून बसा.