दादाचं म्हणणं

आजारी पडल्यापासून दादा तमिळ बोलेनासा झाला होता, फक्त घरची मराठी बोलायचा. म्हणून तंजावूरच्या मानसोपचार डॉक्टरांना त्याचं म्हणणं मी तमिळमध्ये सांगत होते. त्याला भिंतीतून आवाज ऐकू येत. कॉम्प्युटरच्या कोर्सला जायला लागल्यापासून तो गांजा ओढायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं.

आई हसतमुखाने मराठीत म्हणाली, "सांगू नकोस हं. आपल्या लोकांची घरं मोजकी, तुझं लग्न व्हायचंय."

"सांग गे," दादा म्हणाला, "रोज ओढतो म्हणून सांग."

"काय म्हणतोय?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"झोप येत नाही म्हणतो," मी म्हणाले.

त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. दादा माझ्याकडे बघत राहिला. बोलत नसला तरी त्याला तमिळ माझ्याइतकीच समजायची. मला मान वर करवेना.