पेटीवरचा आरसा

माझ्या थोरल्या नणंदेला सगळी शाळा पेटीबाई म्हणायची. अँग्लिकन मिशनची ती शाळा आधी फक्त मुलग्यांची. मुली घ्यायला लागले, त्या पहिल्या तुकडीत वन्सं होत्या. मुलं-मुली एकत्र गायली तर काय अनर्थ होईल, या धास्तीने तेव्हाच्या पाद्रीसाहेबांनी सकाळचं प्रार्थनागीतच वाटून दिलं. पहिलं कडवं मुलग्यांचं, दुसरं मुलींचं, शेवटचं सगळ्यांचं. धास्ती गेली, रीत राहिली, आणि पुढे तिला शेपूटही फुटलं. शाळेतला कुणी पुरुष वारला, की मुलग्यांचं कडवं गायचं नाही; बाई गेली, तर मुलींचं. तेवढा वेळ सगळे नुसते उभे, पेटीही गप्प.

वन्संनी लग्न केलं नाही. प्रार्थनाघरातली ती पायपेटी हाच त्यांचा संसार. उतारवयात कान गेले. हे ठाऊक फक्त मला आणि गणिताच्या सरांना. सर त्यांच्याच तुकडीतले. निवृत्तीनंतरही रोज प्रार्थनेला मागच्या बाकावर हजर. पाद्री बोलायचे थांबले, की सर चष्मा पुसायचे. पेटीवरच्या छोट्या आरशात ते दिसलं, की वन्सं सूर धरायच्या.

"शाळेला कळलं तर पेटी जाईल गं," त्या म्हणायच्या. "मग दिवसभर तुझ्या भाज्यांना नावं ठेवत बसेन."

"आत्ता काय कौतुक करता?" मी मोठ्याने म्हणायची, आणि त्या माझ्या ओठांकडे बघून हसायच्या.

एकदा पालकांनाही प्रार्थनेला बोलावलं होतं. पाद्रींनी खालच्या आवाजात सांगितलं, गणिताचे सर पहाटे झोपेतच गेले. मी पार दाराशी, वन्सं पुढे. त्यांनी आरशात वाट पाहिली. चष्मा दिसेना. मुलं उभी राहिलेली दिसली, तशी त्यांनी भाता दाबला.

पेटी वाजत राहिली. एकही मुलगा तोंड उघडेना. कुणी त्यांना थांबवलंही नाही.

आरशात ती मिटलेली तोंडं दिसली आणि वन्संचे हात थबकले. स्टुलावर त्या मागे वळल्या. पाद्रींकडे त्यांनी पाहिलंच नाही, थेट शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

मग पेटीचं झाकण लावलं. मुलींनी आपलं कडवं नुसत्या गळ्यावर म्हटलं.

शाळेने त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. पेटीची किल्ली वन्संनीच माझ्या हाती परत पाठवली. आता त्या दिवसभर घरी असतात. भाजी अळणी झाली तरी मुकाट्याने जेवतात.