रुईच्या गाठींआडची दाद

मी माहेरी ब्राह्मणपुरीला होते. सकाळी ओट्यावर केळीची पानं पुसत बसले होते, तर सासरचा, आमच्या कोरीटचा गडी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अक्का गयी." हातातलं पान तसंच धरून मी बसून राहिले... अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आता महिना उलटला, तरी तिचं जाणं माझ्या गळी उतरत नाही.

कापसाचा हंगाम सरला की नंदुरबारच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, सकाळची गाण्याची बैठक व्हायची. सासरे गाण्याचे भारी शौकीन. बैलगाडी जुंपून आम्हा सगळ्यांना न्यायचे. पुरुष पुढे, गवयासमोर. आम्ही बायका रुईच्या गाठी रचून केलेल्या भिंतीआड. गवई कधी दिसायचा नाही. वरच्या झरोक्यातून तिरपं ऊन उतरायचं, त्यात रुईचे तंतू तरंगत राहायचे आणि त्यांच्यातूनच सूर येतोय असं वाटायचं. तोडीचा आलाप सुरू झाला की ते तंतूही खाली यायचं विसरत, खोटं नाही सांगत! बायकांनी दाद द्यायची नाही, अशी रीत. मग अक्का काय करायची, तर माझा हात हातात घेऊन बसायची आणि ताल फिरून समेवर आला की बोटं दाबायची. मला मेलीला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या बोटांनीच मला सम शिकवली...

पुढे एका तापात अक्काचे कान गेले. त्या वर्षी गाडी जुंपताना सासरे म्हणाले, "बहिरीले गानं काय ऐकू येई? तिले घर ऱ्हाऊ द्या." अक्काला ऐकू आलं नाही, पण कळलं. नेसलेल्या ठेवणीतल्या लुगड्यावरून तिनं नुसता हात फिरवला. मला असा राग आला, की सासऱ्यांपुढे कधी न उघडलेलं तोंड उघडलं.

"ती ऐकनार नही, मी ऐकसू. तिना हात मन्हा हातमा ऱ्हाई."

सासऱ्यांनी कासरा हाती घेतला. अक्का गाडीत चढली.

त्या सकाळी ठेका मी तिच्या तळव्यावर धरत होते आणि ती डोळे मिटून डोलत होती. गवयानं एक लांबलचक तान घेतली. आता ताल सुटतो की काय असं वाटतंय, तोच तान अलगद समेवर येऊन बसली. मी बोटं दाबली.

"वा!"

अक्काला वाटलं, आपण पुटपुटलो. पण ते अख्ख्या जिनात घुमलं! पुढे सगळं चिडीचूप. संपलं, आता अक्काचं येणं कायमचं बंद! तेवढ्यात गवयाचा आवाज एकदम जवळ आल्यासारखा झाला. आमच्या बाजूला वळून त्यानं तीच तान पुन्हा घेतली, सावकाश, गाठींच्या भिंतीसाठी... मी पुन्हा तिची बोटं दाबली.

परतताना गाव दिसू लागलं तेव्हा सासरे बैलांकडे पाहत म्हणाले, "दाद समवरच पडनी. आते दरसाल तिले लई येवानं."

आता दरसाल तुला आणायचं म्हणतात, असं मी अक्काला खुणेनं सांगितलं. ती इतकी हसली, की डोळ्यांना पदर लावावा लागला.

परवा यंदाची बैठक झाली. गाडीत अक्काची जागा सासऱ्यांनी कुणाला घेऊ दिली नाही. गाठींआड तेच ऊन, तेच तंतू. सम आली आणि माझी बोटं शेजारच्या सतरंजीवर दाबली गेली. मग मला राहवेना. "वा," मी म्हणाले.

कुणी वळूनही पाहिलं नाही. अक्काचा आवाज मी आणू कुठून...