आईच्या फोटोवरचं कुंकू

आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर, भाऊ म्हणाला की दहाव्याला ठेवायला तिचा एक चांगला फोटो हवा. "पाथर्डीत स्टुडिओवाला करून देईल, तू नको त्या भानगडीत पडू." हे ऐकल्यावर मी पडणारच होते. मी नगरला शाळेत शिकवते, लॅपटॉप बरोबर होता, आणि 'तुला जमायचं नाही' असा सूर लागला की मला ते करूनच दाखवावं लागतं.

फोटो लावून ठेवणारं, दुरुस्त करणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो त्यात ओतले आणि मोबाईल रिकामे केले. त्याने वर्षावार फोल्डर लावले, एकसारखे फोटो शोधले आणि विचारलं, जादाचे काढून टाकू का? मी काढून टाकले, वर कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. पसारा मला सहन होत नाही.

मग त्याने चेहरे वेगळे केले. आईचे दोन गट पडले होते. एकात कुंकू लावलेली आई, दुसऱ्यात दादा, म्हणजे आमचे वडील, गेल्यानंतरची, मोकळ्या कपाळाची. खाली प्रश्न होता, या दोघी एकच व्यक्ती आहेत का? मला आधी हसू आलं आणि मग रडू आवरेना. भावजय पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी 'हो' दाबलं.

दुसऱ्या गटात कामाचा एकही फोटो नव्हता. दादा गेल्यावर सहा वर्षं आई प्रत्येक फोटोत कुणाच्या तरी मागे, पदर पुढे ओढून उभी. मनापासून हसणारी आई एकाच फोटोत सापडली. आम्ही सगळे भंडारदऱ्याला गेलो होतो तेव्हाची. मागे धरणाचं पाणी, वाऱ्याने पदर उडालेला, शेजारी दादा काहीतरी बोललेत आणि ती तोंड उघडून हसतेय. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

व्हिडिओ बघत बघत शिकले. चौकट ओढली, दादा बाहेर गेले. त्यांचा खांदा राहिला होता, तो मागच्या पाण्याने झाकला. खरं सांगते, मला मजा येत होती.

चुलते, म्हणजे आमचे आप्पा, ओसरीवर भेटायला आलेल्या चार लोकांत बसले होते. त्यांना लॅपटॉप नेऊन दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

"लई चांगला हाय फोटू," ते म्हणाले. "पर कुंकू हाय गं. नवरा गेलेल्या बाईचा असा फोटू दहाव्याला ठिवत न्हाईत."

मी वाद घातला नाही. अंगात त्राण नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण डाग पुसायचा ब्रश मी नुकताच शिकले होते आणि तो वापरून बघायचा होता, हेही तितकंच खरं. ब्रशचा गोल कुंकवावर ठेवला आणि दाबला. शेजारची कातडी तिथे येऊन बसली. दादा गेले त्या दिवशी बायकांनी तिचं कुंकू पुसलं, तेव्हा ती दोन्ही हातांनी कपाळ झाकत होती. त्यांना बराच वेळ लागला होता. मला एका क्लिकमध्ये जमलं. सॉफ्टवेअरने विचारलं, जुन्या फोटोच्या जागी हाच ठेवू का? मी ठेवला.

दहाव्याला प्रवचन चालू असताना मी समोरच्या फ्रेमकडे बघत होते. झेंडूच्या हारात आई हसत होती. मोकळ्या कपाळाने आई अशी कधीच हसली नव्हती. ही बाई मी तयार केली होती.

जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडला. मूळ फोटो कुठेच नव्हता. ज्या मोबाईलवर काढला, तो भावाने कधीच बदललेला. जादाच्या प्रती मीच काढून टाकलेल्या. कपाळावर लाल गोल रंगवून पाहिला, तो चिकटवल्यासारखा दिसला. दादांना तर रंगवताही येईना.

आप्पा हात धुऊन ओसरीवर टेकले होते. मी तिथे जाऊन तोंड सोडलं. "तुमच्या रीतीपायी आईचा एकुलता एक हसरा फोटो गेला, आप्पा. दादाही गेले त्यातून."

ते चिडले नाहीत. उपरण्याने हात पुसत राहिले.

"मी जुना माणूस, मला सांगावंच लागतं," ते म्हणाले. "चार लोकं बसली हुती. मला वाटलं, तू एवढी शिकलेली, माझ्याशी भांडशील. तू न्हाई म्हणली असतीस तर मी गप बसलो असतो. मला बी वैनी कुंकवाचीच पायजे हुती."

आत भावजय फ्रेम भिंतीवर लावायला खिळा शोधत होती. तिने मला हाक मारून विचारलं, कुठल्या भिंतीला लावू?