कुंदाच्या तीन हाका

कुंदा गेल्याचं तिच्या धाकट्या भावाने फोनवर कळवलं. "विजूताई…" एवढंच म्हणाला. पुढचं सांगायची गरजच नव्हती. त्याला आता काही आठवडे झाले. पण दुपारी कॉलेजातून घरी आले की माझा एक कान अजून गॅलरीकडे असतो. माझ्या या मैत्रिणीने लावलेली सवय काही सुटत नाही.

ऐंशीचं दशक संपता संपता आम्ही दोघी पनवेलच्या एकाच कॉलेजात शिकवायला लागलो, मी रसायनशास्त्र आणि ती इंग्रजी. राहायलाही नवीन पनवेलमध्ये समोरासमोरच्या इमारतींत. मी संसारात बुडालेली, ती एकटी. तिने पीएचडीला विषय घेतला होता विलायतेतल्या जुन्या भयकथांचा आणि त्यांच्या आपल्याकडच्या प्रभावाचा. "भुताखेतांवर कसली आलीये पीएचडी!" असं स्टाफरूममध्ये सगळे तिच्या तोंडावर म्हणत, आणि चिडवण्यात मीही मागे नव्हते. पण ती सांगायला लागली की चहा गार व्हायचा. धुक्यातली ती घरं समुद्र ओलांडून आपल्या मासिकांत आली, तेव्हा त्यांचा घाटातला बंगला झाला. तिकडचा अबोल नोकर इकडे हातात कंदील घेतलेला रखवालदार झाला आणि तसाच चालत चालत सिनेमात, टीव्हीवर पोचला. "रखवालदार म्हातारा झाला गं, पण कंदील काही विझत नाही," म्हणून स्वतःच खो खो हसायची.

नेऱ्याहून भाजी घेऊन येणाऱ्या पार्वतीबाईंनाही तिने सोडलं नाही. जिन्यात बसवून, चहा पाजून त्यांना भुतांच्या गोष्टी विचारायची. "पयल्या हाकेला ओ द्यायाची नाय, बाय," त्यांनी एकदा सांगितलं. "जिता मानूस तीनदा हाक मारतो. मेल्याला दम नसतो, त्याची येकच हाक." कुंदा हरखून गेली. दुसऱ्या दिवसापासून ही आमच्या इमारतीखाली उभी राहून ओरडायला लागली, "विजू… विजू… विजू!" अख्खी इमारत गॅलरीत. "अगं, दाराला बेल आहे ना?" मी खेकसले. तर म्हणाली, "बेल काय, कोणीही वाजवतं. मी जिवंत आहे हे तुला कळायला नको?" पुढे वर्षानुवर्षं हेच चाललं. शेजारणी तिची हाक ऐकून दुपारच्या चहाचं आधण ठेवायच्या.

एकदा मी वैतागून विचारलं, हुशार बाई तू, आयुष्य या भाकडकथांत का घालवतेस? ती म्हणाली, "मी लहान असताना आई गेली. मोठी माणसं दटावायची, तिन्हीसांजेला मागच्या दारी जाऊ नकोस, आई दिसेल. मी मुद्दाम जाऊन बसायचे… दिसली नाही गं कधी." तिचं म्हणणं असं होतं की जुन्या कथांत गेलेलं माणूस परत येईल याची भीती असते, आणि पुढच्या लेखकांत हळूहळू ते कधीच येणार नाही याची भीती शिरली. शेवटचं प्रकरण तिला यावरच लिहायचं होतं. ते राहून गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

आजाराने तिला वर्षभरात पार पोखरून टाकलं. शेवटची भेटले तेव्हा ती झोपलीय असं समजून मी खाटेजवळ पेपर चाळत बसले होते. "विजू…" अगदी बारीक आवाज. इतक्या वर्षांच्या सवयीने मी पुढच्या हाकेची वाट पाहत राहिले. ती आली नाही. मान वर केली, तर कुंदा माझ्याकडे बघून हसत होती. "दम नाही उरला गं… या एकीलाच ओ दे." मी "ओ" म्हटलं आणि खिडकीकडे तोंड फिरवून रडून घेतलं.

आमच्या दाराची बेल मध्यंतरी बिघडली. नवरा रोज म्हणतो, माणूस बोलावून दुरुस्त करून घेऊ. मी नको म्हणते. ज्याला यायचं असेल त्याने खालून हाक मारावी. तीनदा नाही जमली तर नाही… एकदाच मारली तरी मी ओ देईन.