मागच्या बाकावरचा रामकिसन

पाचोडची कोरडवाहू जमीन भावावर सोपवून पुंजाराम वाळूजच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली पत्रा दाबायच्या प्रेसवर लागला, तेव्हा त्याचा रामकिसन आठवीत होता. वर्ष निम्मं सरलेलं. शाळेनं जागा होती तिथं, म्हणजे 'ड' तुकडीत त्याला घातलं. तिथं सगळी कामगारांचीच पोरं.

गणितात रामकिसनचं डोकं लई चालायचं. पहिल्याच आठवड्यात त्यानं फळ्यावरचं उदाहरण तोंडी सोडवलं आणि मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या. त्या बाकांचा म्होरक्या हैदर. मधल्या सुट्टीत तो म्हणाला, "क्या मास्टर, आमाला शिकवायला आला का?"

त्यानंतर कितीतरी दिवस रामकिसनशी कुणी बोललं नाही. डबा एकट्यानं खायचा, घरीही एकट्यानंच परतायचं. या गावात दुसरं ओळखीचं कोण होतं? मग उत्तर येत असलं तरी तो मान खाली घालून बसू लागला. चाचणीत येणारी उदाहरणं अर्धवट सोडू लागला. हळूहळू मागच्या बाकावर त्याला जागा झाली. तास बुडवायचे, सरांच्या चालण्याची नक्कल करायची, कंपाउंडवरून उडी मारून पळायचं. हैदरच्या शेजारी बसल्यावर वाळूज त्याला पहिल्यांदा आपलं वाटलं.

गणिताच्या गायके सरांच्या हे लक्षात मात्र आलं होतं. नववीत एक दिवस ते भर वर्गात म्हणाले, "रामकिसन, सोमवारपासून 'अ' तुकडीत बस. हेडसरांशी बोललोय मी."

सगळा वर्ग त्याच्याकडे बघू लागला. क्षणभर रामकिसनला वाटलं, हो म्हणावं.

"नको सर," तो उभं राहून म्हणाला, "तिकडची पोरं सुतकात बसल्यावानी बसतेत. आपलं इथंच बरंय."

वर्ग खदखदून हसला. हैदरनं पाठीवर थाप मारली. गायके सर फळ्याकडे वळले आणि पुन्हा त्यांनी रामकिसनला कधी काही विचारलं नाही. त्या दिवशी तो घरी गेला तो तरंगतच.

दहावीचा निकाल लागला तेव्हा रामकिसन इंग्रजीत आणि गणितात गेला होता. हैदर पास झाला होता.

शाळेच्या फाटकाबाहेर रामकिसननं त्याला गाठलं. "तू कधी अभ्यास केला रे?"

"गुलशन आपा सोडतच नव्हती," हैदर थोरल्या बहिणीचं नाव घेत, खाली बघत म्हणाला. "रोज सकाळी उठवून बसवायची."

"मला तरी सांगायचं."

"तुझे क्या बोलता? सगळ्यात जास्त तूच तर हसायचा."

हैदर आयटीआयला गेला. रामकिसन पुन्हा परीक्षेला बसला नाही. माय, द्वारकाबाई, लई मागं लागली, पण पुंजाराम म्हणाला, "पोटापुरतं काम मिळतंय ना? मग झालं," आणि पोराला आपल्याच ठेकेदाराकडे घेऊन गेला. बापलेक एकाच बसनं शिफ्टला जाऊ लागले.

वर्षं गेली. लग्न झालं. पुंजाराम घरी बसला, बसमधली त्याची जागा दुसऱ्या कुणाची झाली. मग एकदा कंपनीनं ठेक्यावरची काही माणसं कायम करायची ठरवली. काम बघून सुपरवायझरनं रामकिसनला आधी बोलावलं. विचारलं, "दहावी झालीय ना?"

रामकिसननं नकारार्थी मान हलवली.

घरी हे ऐकून बायको सारजा म्हणाली, "मग बसा की आता परीक्षेला. कोण हसणारंय तुमाला?"

तो बसला. गणित अजून येत होतं; हात लावला की उदाहरण सुटायचं, आणि तेच त्याला सहन व्हायचं नाही. इंग्रजीच्या पेपरला मात्र तो प्रश्नपत्रिका नुसती उलटसुलट करत राहिला. आजूबाजूची पोरं भराभरा लिहीत होती. अर्ध्या तासानं त्यानं कोरा पेपर दिला आणि बाहेर आला. टपरीवर बराच वेळ बसून राहिला. पेपर सुटायच्या वेळेला घरी गेला.

"कसा गेला?" सारजानं विचारलं.

"बरा गेला," तो म्हणाला आणि हातपाय धुवायला मोरीत शिरला. दुसरी शिफ्ट होती.