व्हेनिसमध्ये वाट कोणी चुकवली

“आजोबांच्या फेट्यामागे गेलो आणि अख्खी सहल व्हेनिसच्या गल्ल्यांत हरवली,” असे माझ्या नातीचे सर सांगलीच्या कॉलेजात अजूनही रंगवून सांगतात. तिच्या वर्गाच्या इटली सहलीत आम्ही घरचे चौघेही गेलो होतो, एवढेच त्यात खरे. आता कोरेगावातही लोक मला ‘वाटाड्या’ म्हणून चिडवतात. ज्याने फौजेत वीस वर्षे पलटणीला वाट दाखवली, त्याने हे मुकाट ऐकून घ्यावे काय?

गाईडबाई छत्री उंच धरून पुलावर उभ्या होत्या. पोरांनी छत्री सोडून माझा गुलाबी फेटा धरला, हा माझा दोष नव्हे. गल्ली संपून कालवा लागला, तेव्हा मागून एक जण ओरडला, “आवं आजोबा, फुडं पाणी हाय!”

“दिसतंय मला. पर तुमी सगळी कुठं निघालाय रं?”



मी स्वच्छतागृह शोधायला निघालो होतो. निघण्यापूर्वी तसे एकाच माणसाच्या कानात सांगितले होते, आणि “थांबा, मलाही जायचंय,” म्हणत माझ्यामागे सर्वांत आधी निघाले ते सरच होते.